एका ‘यूज्ड टू’ची गोष्ट

आज मी तुमच्याशी दोन शब्दांबद्दल बोलणार आहे. शब्द इंग्रजी आहेत, पण दचकू नका. सातवी-आठवीच्या पुस्तकात सगळ्यांनीच ते वाचलेले असतात. ते शब्द म्हणजे ‘यूज्ड टू’. ह्या दोन शब्दांनी मला निवृत्तीनंतर पुन्हा शाळेत बसवलं, त्याची ही हकीकत आहे.

मी विट्याचा. सांगली जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्याचं हे मुख्य गाव. आयुष्यभर शाळेत इंग्रजी शिकवलं. निवृत्त होऊन घरी बसलो, तरी जुन्या विद्यार्थ्यांचे फोन येत राहतात. कुणाला अर्ज तपासून हवा असतो, कुणाला लग्नपत्रिकेतली इंग्रजी ओळ. काही वर्षांपूर्वी असाच एका विद्यार्थिनीचा फोन आला. दहावीला माझ्या हाताखाली होती. वडील यंत्रमागावर कामाला. ही मुलगी दिवसा कॉलेज करायची आणि रात्री त्याच शेडमध्ये कांड्या भरायची. तसं करत ती बी. कॉम. झाली आणि पुण्यातल्या एका कंपनीत मुलाखतीला गेली.

“सर, मुलाखत झाली,” ती म्हणाली, “पण काय तरी चुकलं वो माझं.”

“काय चुकलं? नीट सांग बघू.”

“त्यांनी विचारलं, रात्रपाळी जमंल का. मी म्हटलं, येस सर, आय यूज्ड टू वर्क अ‍ॅट नाईट. तर ते म्हणाले, मग सोडलं का? मला कळंचना. मी कुठं सोडलंय सर? आदल्या रातीपण मी कांड्या भरून मगच एस.टी. धरली होती.”

ती गोंधळून गप्प बसली. समोरच्यांनी कागदावर काहीतरी टिपलं आणि पुढच्या उमेदवाराला बोलावलं. ती नोकरी तिला मिळाली नाही. एका वाक्यानेच ती गेली, असं मी म्हणणार नाही. मुलाखतीत दहा गोष्टी असतात. पण ज्या एका बाबतीत ही मुलगी इतरांपेक्षा दोन पावलं पुढे होती, तीच बाब तिच्या तोंडून उलटी बाहेर पडली, एवढं मात्र खरं.

फोन ठेवला आणि माळ्यावरची ट्रंक काढली. तीत माझ्या पाठांच्या टिपणवह्या आहेत. एका वहीत वाक्प्रचारांची यादी होती. डावीकडे इंग्रजी, मध्ये बरोबरीचं चिन्ह, उजवीकडे मराठी. त्या यादीत, माझ्याच वळणदार अक्षरात, ओळ होती : यूज्ड टू बरोबर सवय असणे.

मंडळी, ही ओळ मी वर्षानुवर्षं फळ्यावर लिहीत आलो होतो. मुलं ती उतरवून घ्यायची, पाठ करायची, परीक्षेत लिहायची आणि एक गुण मिळवायची. त्या मुलीने काय चुकलं? मी शिकवलं तेच तिने म्हटलं. मला रात्री काम करायची सवय आहे, हे तिला सांगायचं होतं. सवय असणे म्हणजे यूज्ड टू, म्हणून ती म्हणाली, आय यूज्ड टू वर्क अ‍ॅट नाईट. इंग्रजी कानाला मात्र ऐकू गेलं की, मी पूर्वी रात्री काम करत असे. म्हणजे आता करत नाही. मग समोरचा माणूस विचारणारच की, का सोडलंत?

चूक तिची नव्हती. ती माझ्या त्या बरोबरीच्या चिन्हाची होती.

आता हे चिन्ह कसं फसवतं, ते पाहू. तीन वाक्यं घेऊ, तिन्ही आमच्या विट्यातलीच. रेडिओवर फळा नसतो, तेव्हा वाक्य ऐकल्यावर क्षणभर थांबून ते मनात लिहा.

पहिलं वाक्य : माय फादर यूज्ड टू वर्क अ‍ॅट नाईट. माझे वडील रात्री काम करत असत, किंवा आपण बोलताना म्हणतो तसं, रात्री काम करायचे. गोष्ट मागे पडली.

दुसरं वाक्य : माय फादर इज यूज्ड टू वर्किंग अ‍ॅट नाईट. माझ्या वडिलांना रात्री काम करण्याची सवय आहे. गोष्ट आजची.

तिसरं वाक्य : अ‍ॅसिड इज यूज्ड टू प्युरिफाय गोल्ड. सोनं शुद्ध करायला तेजाब वापरतात. ह्यात सवयही नाही आणि जुनी आठवणही नाही. हा सरळ वापर झाला.

तिन्ही वाक्यांत ‘यूज्ड टू’ आहे. कागदावर अक्षरंही तीच. अर्थ मात्र तीन. मग ओळखायचं कसं? शेजार बघून. माणसाची पारख करताना आपण त्याचं बसणं-उठणं कुणाबरोबर आहे ते बघतो ना? शब्दांचंही तसंच. ‘यूज्ड टू’च्या मागे कोण उभा आहे आणि पुढे कोण उभा आहे, एवढं पाहिलं की झालं.

मागे ‘अ‍ॅम’, ‘इज’, ‘आर’, ‘वॉज’, ‘वेअर’ यांपैकी कुणीही नसेल आणि पुढे साधं क्रियापद असेल, तर तो आपला रीती भूतकाळ. मराठी व्याकरणात हा शब्द आपण शिकलो होतो, आठवतं? ‘मी जात असे’, ‘ती गात असे’. ‘यूज्ड टू’चा हा पहिला अर्थ म्हणजे मराठीतला हा ‘असे’. शाळेत तो आपण मराठीच्या तासाला शिकलो आणि इंग्रजीच्या तासाला विसरलो. दोन तासांच्या मध्ये घंटा वाजते, तिचा हा परिणाम.

मागे ‘अ‍ॅम’, ‘इज’, ‘वॉज’ यांपैकी कुणी असेल आणि पुढे एखादी वस्तू, माणूस, जागा किंवा ‘इंग’ लावलेलं क्रियापद असेल, तर ती सवय. आय अ‍ॅम यूज्ड टू टी : मला चहाची सवय आहे. आय अ‍ॅम यूज्ड टू वॉकिंग : मला चालण्याची सवय आहे. ‘अ‍ॅम’च्या जागी ‘गेट’ किंवा ‘गॉट’ आलं तर सवय होणे, सरावणे, अंगवळणी पडणे. यू विल गेट यूज्ड टू इट : होईल हळूहळू सवय. नव्या सुनेला घरातल्या मोठ्या बायका जे सांगतात, तेच.

आणि मागे ‘इज’ किंवा ‘आर’ असून पुढे ‘इंग’ नसलेलं साधं क्रियापद आलं, तर बहुतेक वेळा तो वापर. तेजाबाच्या वाक्यासारखा.

आता मुलं हमखास एक प्रश्न विचारतात. सर, ‘टू’च्या पुढे तर नेहमी साधं क्रियापद येतं. ‘टू गो’, ‘टू ईट’. मग सवयीच्या वाक्यात हे ‘वर्किंग’ कुठून आलं? पूर्वी मी उत्तर देत असे, “नियम आहे, पाठ करा.” हेही उत्तर चुकीचं होतं. कारण उत्तर आपल्याच घरात होतं.

मराठीत सवय कशाची असते, ते बघा. चहाची, उन्हाची, गर्दीची. सगळी नामं. आता क्रियापद घ्या, जागणे. ‘मला जागतो सवय आहे’ असं कुणी म्हणतं का? लहान मूलही म्हणणार नाही. आपण म्हणतो, ‘मला जागण्याची सवय आहे’. म्हणजे ‘जागणे’ ह्या क्रियापदाचं आपण आधी नाम केलं आणि मग त्याला ‘ची’ जोडली. इंग्रजी माणूस हेच करतो. सवयीच्या वाक्यातला ‘टू’ हा ‘टू गो’मधला ‘टू’ नव्हेच. तो आपल्या ‘ची’सारखा जोडणारा शब्द आहे. त्याच्यापुढे नाम हवं. क्रियापदाचं नाम करायचं तर इंग्रजी त्याला ‘इंग’ लावते, आपण ‘ण्या’ लावतो. ‘जागण्याची’ मधला ‘ण्या’ म्हणजे ‘वर्किंग’ मधला ‘इंग’. एवढं कळलं की पाठ करायला काही उरतच नाही.

ही किल्ली हाती आली की आणखी एक कुलूप उघडतं. पत्राच्या शेवटी लिहितात ना, आय अ‍ॅम लुकिंग फॉरवर्ड टू मीटिंग यू. पुष्कळ जण तिथे ‘टू मीट यू’ लिहून जातात. पण मराठीत आपण कशाची वाट पाहतो? भेटण्याची. पुन्हा ‘ण्या’ आला, म्हणून पुन्हा ‘इंग’. दोन्ही वाक्प्रचारांचं गोत्र एकच.

आता थोडं उच्चाराबद्दल, कारण डोळ्यांना न दिसणारी एक खूण कानाला ऐकू येते. ‘वापरणे’ ह्या अर्थाचा ‘यूज्ड’ म्हणताना ‘जहाज’ किंवा ‘जमीन’ मधला ज येतो. पण ‘करत असे’ आणि ‘सवय आहे’ ह्या दोन्ही अर्थांच्या वेळी तिथे ज नसतो, स असतो. बोलताना मधला ड जवळजवळ गळतो आणि दोन शब्दांचा एकच होतो : ‘यूस्टू’. लक्षात ठेवायची युक्ती सांगतो. ‘सवय’मध्ये स आहे. ‘जात असे’मध्येही स आहे. ‘वापर’मध्ये स नाही. जिथे मराठीत स, तिथे इंग्रजीतही स. हा निव्वळ योगायोग आहे, पण वर्गात फार उपयोगी पडतो.

हा ड गळतो म्हणूनच नकारार्थी वाक्यात गडबड होते. मी पूर्वी चहा पीत नसे : आय डिड नॉट यूज टू ड्रिंक टी. इथे लिहितानाही शेवटचा ड लिहीत नाहीत. ‘डिड’ने भूतकाळाचं ओझं आपल्या डोक्यावर घेतलं की पुढच्या क्रियापदाने पुन्हा ते घ्यायचं नसतं. ‘डिड नॉट वेन्ट’ आपण म्हणत नाही, ‘डिड नॉट गो’ म्हणतो. तोच न्याय. ऐकताना फरक कळत नाही, लिहिताना मात्र तो दिसतो.

तुम्ही म्हणाल, एकाच शब्दाला वापर, सवय आणि जुना रिवाज असे तीन अर्थ चिकटलेच कसे? इंग्रजीने असं का केलं? मलाही हे कोडं होतं. ते सुटलं ते आमच्या बांधावर. शेतकरी मंडळींना ‘वहिवाट’ हा शब्द सांगायला नको. जमीन कोण कसतो, रस्ता कोण वापरतो, ती वहिवाट. म्हणजे वापर. पण ‘आमच्या घराण्याची ही वहिवाटच आहे’ असंही आपण म्हणतो. म्हणजे रीत, रिवाज. जी वाट रोज वापरतात ती मळते, आणि मळलेली वाट हीच रीत होते. वापरातून सवय आणि सवयीतून रिवाज, हा प्रवास मराठीने ‘वहिवाट’ शब्दात केला. इंग्रजीने तो ‘यूज’ शब्दात केला. हा शब्द लॅटिनमधून फ्रेंचमार्गे इंग्रजीत आला, आणि फार पूर्वीपासून त्याला ‘रिवाज’ हा अर्थही आहे.

गंमत म्हणजे, तीन-चारशे वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत ‘ही यूझेस टू गो’ असंही लिहीत. तो जात असतो, त्याची तशी रीत आहे, अशा अर्थाने. म्हणजे वर्तमानकाळही होता. पुढे तो वर्तमानकाळ झिजून गेला, भूतकाळ तेवढा उरला. म्हणून आज इंग्रजीत ‘मी रोज फिरायला जातो’ हे ‘यूज टू’ वापरून सांगता येत नाही. तिथे साधा वर्तमानकाळ लागतो : आय गो फॉर अ वॉक एव्हरी डे. त्या मुलीने ‘यूज्ड टू’ म्हटलं आणि ऐकणाऱ्याच्या डोक्यात आपोआप ‘आता नाही’ उमटलं, त्याचं मूळ इथे आहे.

आणखी दोन बारकावे सांगतो, म्हणजे ‘असे’ची बाजू पुरी होईल.

एक. मोजलेल्या गोष्टीला ‘यूज्ड टू’ चालत नाही. ‘मी विट्यात दहा वर्षं राहिलो’ हे ‘आय लिव्ह्ड इन विटा फॉर टेन इयर्स’ असंच सांगायचं. ‘आय यूज्ड टू लिव्ह इन विटा’ म्हटलं की मोजमाप सोडून द्यायचं. मराठीतही ‘मी तिथे दहा वर्षं राहत असे’ हे कानाला खटकतं. ‘मी तीनदा मुंबईला जात असे’ हेही खटकतं. जिथे मराठीत ‘असे’ खटकतं, तिथे इंग्रजीत ‘यूज्ड टू’ही बहुधा खटकतं. आपला कान हा फुकटचा शिक्षक आहे, त्याला विचारत जा.

दोन. ‘वूड’ हा शब्दही जुनी सवय सांगतो. आजी रोज संध्याकाळी गोष्ट सांगायची : माय ग्रँडमदर वूड टेल अस अ स्टोरी एव्हरी इव्हनिंग. पण ‘वूड’ फक्त पुन्हा पुन्हा केलेल्या कृतीला चालतो. ‘इथे पूर्वी एक चिंचेचं झाड होतं’ हे सांगताना ‘वूड’ चालणार नाही. झाड काही करत नाही, ते नुसतं असतं. तिथे म्हणायचं, देअर यूज्ड टू बी अ टॅमरिंड ट्री हिअर. ह्या ‘देअर यूज्ड टू बी’मध्ये एक हुरहूर आहे. नुसतं ‘देअर वॉज’ म्हटलं की माहिती होते. ‘देअर यूज्ड टू बी’ म्हटलं की ते झाड आता नाही, हेही न सांगता सांगून होतं.

आमच्या तालुक्याला हा फरक समजायला अवघड नाही. सगळी माणदेशाच्या कडेची कोरडी जमीन. दुष्काळ आणि टँकर ह्यांच्याभोवती कित्येक पिढ्यांचं आयुष्य फिरलं. आता दोन वाक्यं ऐका. टँकर्स यूज्ड टू कम टू अवर लेन : आमच्या गल्लीत टँकर यायचे. आणि वी आर यूज्ड टू टँकर्स : आम्हाला टँकरची सवय झाली आहे. पहिल्या वाक्यात सुटका आहे. दुसऱ्यात सोसणं आहे. मध्ये फक्त ‘आर’चा फरक. असं वाक्य चुकलं की नुसता गुण जात नाही, माणसाची परिस्थितीच उलटी सांगितली जाते.

ह्याच कोरडेपणामुळे आमची माणसं देशभर पांगली. खानापूर, आटपाडी, तासगाव, कवठेमहांकाळ ह्या भागातली घरंच्या घरं गलाईच्या धंद्यात आहेत. गलाई म्हणजे जुनं सोनं-चांदी वितळवून, त्यातली भेसळ तेजाबाने वेगळी करून, शुद्ध धातू काढून देणं. भारतातल्या कुठल्याही मोठ्या सराफ पेठेत जा, भट्टीपाशी आमच्याकडचं मराठी ऐकू येण्याची शक्यता फार. आमच्या गल्लीतले एक गलाईवाले काका चाळीस वर्षं तमिळनाडूत काढून गावी परतले. नातू तिकडे इंग्रजी शाळेत शिकलेला. एका सुट्टीत तो अंगणात मित्राला सांगत होता, माय ग्रँडफादर यूज्ड टू लिव्ह विथ अस. आजोबा आमच्याजवळ राहायचे. काकांनी मला विचारलं, “काय म्हणतोय वो पोरगं?” मी अर्थ सांगितला. ते जरा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “मला तिकडच्या भाताची सवय झाली, इथली भाकरी आता दातांनी तुटंना. ही सवय इंग्रजीत कशी सांगायची?” मी म्हटलं, “काका, शब्द तेच. मागे फक्त ‘अ‍ॅम’ लावायचा. आय अ‍ॅम यूज्ड टू राईस.”

एका अंगणात, एकाच दुपारी, नातवाचं ‘यूज्ड टू’ आणि आजोबांचं ‘यूज्ड टू’ अशी दोन्ही ऐकायला मिळाली. एकात निघून जाणं होतं, दुसऱ्यात मागे राहिलेली सवय. मला वाटलं, मी इतकी वर्षं फळ्यावर जे लिहिलं, त्यापेक्षा हा धडा मोठा आहे.

आता टेंभूची एक गोष्ट. टेंभू हे नाव आज आमच्याकडे पाण्याचं नाव झालं आहे. कराडजवळ टेंभू गावी कृष्णेचं पाणी उचलायचं आणि टप्प्याटप्प्याने वर चढवून आमच्या दुष्काळी तालुक्यांपर्यंत आणायचं, ती ही टेंभू योजना. पण त्याच टेंभूत 1856 मध्ये गोपाळ गणेश आगरकरांचा जन्म झाला. आगरकर म्हटलं की आपल्याला ‘केसरी’चे पहिले संपादक आठवतात, 1888 मध्ये काढलेला ‘सुधारक’ आठवतो. त्याच 1888 सालचं त्यांचं एक पुस्तक मात्र आपण विसरतो. त्या पुस्तकाचं नाव ‘वाक्यमीमांसा आणि वाक्यांचें पृथक्करण’. समाज सुधारायला निघालेला हा माणूस मराठी वाक्याचे भाग सुटे करून, कोण कुणाला जोडला आहे हे दाखवायला बसला होता. मला ह्यात विसंगती वाटत नाही. जो वाक्य सुटं करून बघतो, त्याला फसवणं अवघड असतं.

पृथक्करण हा शब्द आम्हा विटेकरांना जवळचा वाटावा. भट्टीवर दुसरं काय चालतं? दागिना वरून पिवळाच दिसतो. सोनं किती आणि भेसळ किती, हे सुटं केल्याशिवाय कळत नाही. ‘यूज्ड टू’ही वरून एकच दिसतो. मागचा-पुढचा शब्द सुटा करून बघितला की कळतं, हा ‘असे’ आहे, सवय आहे की वापर आहे.

मग इंग्रजी वाक्प्रचार शिकावा कसा? इतक्या वर्षांनी माझं मत असं झालं आहे. शब्दाला मराठी शब्द जोडून पाठ करू नका. वाक्याला वाक्य जोडा. आपल्याकडे हे नवीन नाही. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर पिढ्यान्‌पिढ्या शिकल्या. इकडचं वाक्य तिकडे आणि तिकडचं इकडे, हाच तिचा गाभा होता. आम्ही मास्तर लोकांनी घाईत त्यातली वाक्यं गाळली आणि शब्दांच्या याद्या ठेवल्या. आमच्या वेळी इंग्रजी पाचवीत भेटायची. 2000 सालापासून महाराष्ट्रातल्या मराठी शाळांत ती पहिलीपासून आली. वर्षं वाढली, ही चांगली गोष्ट. पण त्या वाढलेल्या वर्षांत आपण याद्याच वाढवल्या, तर ‘मग सोडलं का?’ ह्या प्रश्नाला उत्तर कुणाकडेच नसणार.

दुसरी गोष्ट म्हणजे, वाक्यं आपल्या आयुष्यातली घ्या. पुस्तकातला टॉम लंडनमध्ये काय करत असे, ह्याच्याशी विट्याच्या पोराला काय देणंघेणं? त्याला सांगा, तुझे आजोबा काय करायचे ते लिही. आता तुमच्या घरात काय नाही, जे पूर्वी होतं? तुला कशाची सवय आहे? कशाची अजून झाली नाही? चार वाक्यं लिहायला दहा मिनिटं लागतात. पण ती खरी असतात, म्हणून विसरत नाहीत. चुकली तर लगेच कळतंही, कारण आपले आजोबा आहेत की नाहीत, हे आपल्याला पक्कं ठाऊक असतं.

मी त्या मुलीला दुसऱ्या दिवशी फोन केला. आधी माफी मागितली. ती अवघडली. “असं काय म्हणताय वो सर,” म्हणाली. मी म्हटलं, “ते राहू दे. वही घे. तुझ्या शेडबद्दल दोन वाक्यं लिही. एक ‘असे’चं, एक सवयीचं.” संध्याकाळी तिने फोनवर वाचून दाखवली. पहिलं वाक्य : माय मदर यूज्ड टू फिल बॉबिन्स. माय आईच्या वाटणीच्या कांड्या आता मी भरते, असं तिने मराठीत जोडलं. दुसरं वाक्य : आय अ‍ॅम यूज्ड टू स्टेइंग अवेक. मला जागण्याची सवय आहे.

दोन्ही बरोबर होती. मी वहीतली ती जुनी ओळ खोडली. पण खाली नवी ओळ लिहिली नाही. तिची दोन वाक्यं लिहिली.

ती मुलगी पुढे नोकरीला लागली. कुठे आणि कशी, ती तिची गोष्ट आहे, ती तीच सांगेल. माझी गोष्ट एवढीच की, आमच्या घरामागे एक यंत्रमागाची शेड होती. दिवसरात्र माग चालायचे. नवीन राहायला आलो, तेव्हा त्या खडखडाटाने झोप लागत नसे. मग सवय झाली. इतकी, की वीज गेली आणि माग थांबले की जाग यायची. पुढे ती शेड बंद पडली. पहिले काही दिवस मी रात्री उठून बसायचो, कारण बाहेर शांत असायचं.

आता हे इंग्रजीत सांगून बघा. माग चालायचे, तिथे कुठला ‘यूज्ड टू’? मला आवाजाची सवय होती, तिथे कुठला? शांततेची सवय अजून होते आहे, तिथे ‘अ‍ॅम’ की ‘गेटिंग’? कागद-पेन्सिल घ्या आणि घरातल्या शाळकरी मुलाला शेजारी बसवा. तुम्ही दोघं मिळून सोडवाल. नाही सुटलं तर मागचा आणि पुढचा शब्द बघा. उत्तर तिथेच असतं.